वादळ गेलं, पुढं काय? मौसम, मेघदूत, मौसमग्राम आणि विंडी : एका द्राक्षवाल्याचा रिव्ह्यू

हवामान ॲपचे रिव्ह्यू बहुतेक जून-जुलैत येतात, पाऊस कधी पोचणार, धरण किती भरणार, आणि लोकं या ॲपची परीक्षा पण त्याच दिवसात घेतात. माझ्या मते खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. समुद्रात मोठं वादळ होऊन गेलेलं असतं, टीव्हीवाले दुसऱ्या बातमीकडं वळलेले असतात आणि पुढचे आठ-दहा दिवस आपल्या भागात आभाळ कसं राहणार, वारा फिरणार का, रात्री दव किती पडणार हे सांगणारं कोणी उरत नाही. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड पट्ट्यात द्राक्ष करतो, आणि गेली काही वर्षं दर सीझनला या सगळ्या सेवा शेजारी शेजारी ठेवून बघतोय, म्हणून लिहितोय. मोठं होणारे, पण ज्याची बाग आहे तो वाचेल.

आधी एवढा जीव का टाकतो ते सांगतो. आमच्याकडं गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर चालते (सटाणा, कळवणकडं अर्ली वाले, म्हणजे लवकर छाटणारे, त्याच्या बरंच आधी मोकळे होतात, त्यांचं गणित वेगळं). छाटणीनंतर डोळे फुगतात, मग पोंगा (कोवळा कोंब), मग घड दिसायला लागतो आणि साधारण चाळीस दिवसाच्या आसपास फुलोरा. पोंग्यात ढगाळ हवा आणि पाऊस लागून राहिला तर घड जिरतात, फुलोऱ्यात लागला तर गळ आणि कूज, आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर पानं रात्रभर ओली राहिली तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग. डाऊनीला लय मोठा पाऊस लागत नाही हो, वीस-पंचवीस अंशाची हवा आणि काही तास पानावर पाणी एवढं पुरतं, ते पाणी पावसाचं आहे का दवाचं आहे याच्याशी त्या बुरशीला घेणं नाही. म्हणून वादळाच्या दिवशी किती मिलिमीटर पडला यापेक्षा वादळ सरकल्यावर पुढच्या रात्री कशा जाणार हा आकडा आम्हाला जास्त महागात पडतो.

२०१९ साल नाशिककर विसरणार नाहीत. मोसमी पाऊस त्या वर्षी परतच जात नव्हता, राजस्थानातून परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, तोपर्यंतच्या नोंदीत इतका उशीर कधी नव्हता. मग दिवाळीच्या तोंडावर रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात 'क्यार' तयार झालं आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, म्हणजे २७ ऑक्टोबरला, ते सुपर सायक्लोन झालं, २००७ च्या 'गोनू' नंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. ते महाराष्ट्राला धडकलं नाही, ओमानच्या दिशेनं निघून गेलं. त्याच्या मागोमाग ३० ऑक्टोबरला 'महा' आलं, तेव्हा क्यार अजून समुद्रात होतंच, म्हणजे एकाच वेळी अरबी समुद्रात दोन वादळं. महा आधी वायव्येकडं गेलं, मग वळसा घेऊन गुजरातकडं आलं आणि दीवच्या आसपास किनाऱ्याआधीच ७ नोव्हेंबरला विरलं. दोन्ही वादळं महाराष्ट्राच्या जमिनीवर आली नाहीत, तरी सुरुवातीचा सरकारी आकडाच ५४ लाख हेक्टरवरच्या पिकांच्या नुकसानीचा होता. कारण वादळ जिथं जातं तिथंच नुकसान करतं असं नाही, ते लांबून जाताना आपल्यावर ओल ओढून आणतं, आभाळ दिवसेंदिवस भरलेलं राहतं, आणि ते गेल्यावर जमीन इतकी भिजलेली असते की नुसत्या दवानं बाग धुतल्यासारखी दिसते. त्या नोव्हेंबरात ज्यांनी ट्रॅक्टर बागेत घालता येत नाही म्हणून पाठीवरच्या पंपानं फवारण्या केल्या त्यांना विचारा.

तेव्हापासून मी 'नंतरचा अंदाज' कोण चांगला देतं हे बघायला लागलो.

पहिला नंबर ज्याला देतोय ते ॲप नाही. भारतीय हवामान विभागाचं लेखी बुलेटिन, विभागाच्या म्हणजे आयएमडीच्या वेबसाईटवर फुकट मिळतं, आणि आमच्या गावात ते उघडून वाचणारा माणूस शोधावा लागतो, सगळे त्याचा स्क्रीनशॉट नाहीतर त्यावरून कोणीतरी बनवलेला व्हिडिओ बघतात. चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यात येतो, हे लोकांना माहीत असायला पाहिजे. ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग, आणि चौथा टप्पा म्हणजे वादळ जमिनीवर आल्यावर पुढं कुठं जाणार आणि आतल्या जिल्ह्यात काय होणार याचा अंदाज, पोस्ट लँडफॉल आउटलुक म्हणतात त्याला. हा चौथा टप्पा वादळ धडकायच्या निदान १२ तास आधी येतो. म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस अजून खिडक्या बंद करत असतो तेव्हा पाचशे-सातशे किलोमीटर आत बसलेल्यासाठीचा कागद निघालेला असतो. बातम्यात सगळा भर पहिल्या तीन टप्प्यांवर, आणि आपल्यासारख्या आतल्या भागातल्यांच्या कामाचा चौथाच.

तो का महत्त्वाचा याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२१ चं 'गुलाब'. २६ सप्टेंबरला ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, तिथून तेलंगणा ओलांडून त्याचं कमी दाबाचं क्षेत्र मराठवाड्यावर आलं आणि २८ तारखेला बीड, लातूर, उस्मानाबाद, औरंगाबादकडं जे झालं ते सगळ्यांनी बघितलं, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठचं सोयाबीन उभ्याचं गेलं. वादळ बंगालच्या उपसागरातलं, आणि पाणी मांजरेला. पुढं तेच अवशेष खंबातच्या आखातातून अरबी समुद्रात गेले, तिथं परत जोर धरला आणि 'शाहीन' नावानं ३ ऑक्टोबरला ओमानला धडकले. ज्याला वाटतं की बंगालच्या उपसागरातलं वादळ म्हणजे ओडिशा-आंध्रवाल्यांचा विषय, त्यानं हा रस्ता एकदा नकाशावर बोटानं काढून बघावा.

बुलेटिन वाचायला जड जातं हे खरंय, पण त्याची भाषा मोजकी आहे आणि एकदा समजली की कायमची समजली. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्या वर. 'मुसळधार' म्हणजे २४ तासात ६४.५ मिमीच्या पुढं, 'अति मुसळधार' ११५.६ च्या पुढं आणि २०४.४ च्या वर गेला की 'अत्यंत मुसळधार'. वादळ सरकल्यावर मी काय बघतो तर हे शब्द एका दिवसापासून दुसऱ्या दिवसाकडं कसे उतरतात. आज 'बऱ्याच', उद्या 'काही', परवा 'तुरळक', मग 'कोरडे हवामान', असा जिना दिसला की समजायचं सिस्टीम खरंच निघाली. पण तिसऱ्या दिवशी परत 'काही ठिकाणी' आलं तर समुद्रात अजून कायतरी शिजतंय, मजुरांना डिपिंगची (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायच्या कामाची) तारीख देऊ नका. शिवाय दर गुरुवारी विभागाचा पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, त्यात तारीख-वार पाऊस मिळत नाही आणि मिळायला पण नको, पण पुढचा पंधरवडा सरासरीपेक्षा ओला का कोरडा, रात्री गार का उबदार, समुद्रात नवीन काही तयार व्हायची शक्यता किती, हे कळतं. छाटणी कधी घ्यायची हा निर्णय मी याच कागदावर घेतो. मला तरी याच्या तोडीचं दुसरं काही मिळालं नाही.

तक्रार एकच, आणि ती साधी आहे. आम्ही 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतो, तो नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलाय, त्यामुळं उपविभागाचा अंदाज वाचून काही ठरवू नका, जिल्ह्याच्या तक्त्यावर जा. जिल्ह्यातही गंमत अशी की इगतपुरीत वर्षाला ३००० मिमीच्या पुढं पडतो आणि येवला-नांदगावकडं ५०० च्या आसपास, एकाच जिल्ह्याचा एकच रंग दोघांना कसा लागू पडणार. आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा द्यायला लागलेत हे फार चांगलं केलं, नाहीतर ऑरेंज बघून आम्ही घाबरायचं आणि पाऊस सगळा त्र्यंबकला. रंगांचं पण लक्षात ठेवा, हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे हलायला लागा. हे रंग माणसं, रस्ते, पूर यांच्या धोक्याचे आहेत, पिकाच्या धोक्याचे नाहीत. हिरव्या रंगाच्या रात्री डाऊनी पसरते, आणि त्यात रंग देणाऱ्याची चूक नाही.

आता ॲपकडं येतो. 'मौसम' हे विभागाचं मुख्य ॲप, जुलै २०२० मध्ये आलं. दिसायला चांगलं, तीन तासांचा तात्काळ अंदाज, रडारची चित्रं, सात दिवसांचा अंदाज, सगळं एका ठिकाणी. शहरातल्या माणसाला हे एक पुरे, पुण्यात ऑफिसला जाताना छत्री घ्यायची का हे बघायला दुसरं काही टाकू नका. पण ॲप शहरांच्या हिशोबानं बनवलंय, अंदाज शहराचा मिळतो, आणि मला नाशिक शहराच्या अंदाजावरून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या मळ्यात फवारणी ठरवायची नसते. वादळ जवळ असताना तीन तासांचा अंदाज जरूर बघावा, वादळ गेल्यावर या ॲपचं माझं काम कमी होतं. साडेतीन स्टार.

'मेघदूत' मात्र माझ्या मनातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलं, हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून केलंय, मराठीत चालतं. दिसायला साधं आहे, पण शेतकऱ्याला लागणारा तक्ता यात आहे, पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळची-दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, ढगांचं प्रमाण. ढग आठ भागांत मोजतात, शून्य म्हणजे निरभ्र आणि आठ म्हणजे पूर्ण भरलेलं. वादळानंतर मी पावसाचा रकाना सगळ्यात शेवटी बघतो. आधी वाऱ्याची दिशा. वारा पूर्वेचा, आग्नेयेचा आहे तोपर्यंत बंगालच्या उपसागरातली ओल येत राहते, पाऊस शून्य लिहिला असला तरी सकाळी पानं थेंबाळलेली मिळणार. वारा उत्तरेला, ईशान्येला फिरला आणि दुपारची आर्द्रता खाली यायला लागली की कोरडी हवा आत आली, आता श्वास घ्यायचा. मग ढग, मग किमान तापमान. आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा उतरायला लागला की सगळा महाराष्ट्र निफाडची थंडी म्हणून बातम्या बघतो, पण थंडीच्या आधीचे ते चार-पाच दिवस, वादळ गेलेलं, आभाळ उघडलेलं, वारा पडलेला आणि जमीन अजून ओली, हे सगळ्यात धोक्याचे असतात, तेव्हाच दव जबर पडतं. या पाच रकान्यांवरून ते दिवस आधी ओळखता येतात, आणि दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये हे सगळं मराठीत एका जागी मला मिळालं नाही.

मेघदूतमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला पण येतो, आमच्या जिल्ह्याचा इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्राकडून. वादळाच्या आठवड्यात हे वार लक्षात ठेवावे लागतात, शुक्रवारी सल्ला आला आणि शनिवारी समुद्रात चित्र बदललं तर मंगळवारपर्यंत जुन्याच सल्ल्यावर बसायचं नाही, मूळ बुलेटिन उघडायचं. सल्ला द्राक्षापुरता थोडा मोघम वाटू शकतो, सगळ्या पिकांना पुरवायचा असतो तो, त्यामुळं द्राक्षवाल्यांनी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला सोबत वाचावा, त्यात हवामान आणि बागेची अवस्था एकत्र धरून रोगाची जोखीम सांगितलेली असते. साडेचार स्टार, अर्धा कापला कारण पान किती तास ओलं राहणार हा रकाना नाही. आर्द्रता आहे, किमान तापमान आहे, वारा आहे, म्हणजे तो आकडा काढायला लागणारा सगळा माल आहे, फक्त काढून द्यायचा राहिलाय.

'मौसमग्राम' अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. विभागाच्या १५० व्या वर्षाच्या सुरुवातीला, २०२४ च्या जानेवारीत आलं. गावाचं नाव टाकायचं आणि दहा दिवसांपर्यंतचा अंदाज घ्यायचा, पहिल्या दीड दिवसाचा तासातासाचा, मग पाच दिवसांपर्यंत तीन-तीन तासांचा, पुढं सहा-सहा तासांचा. फवारणीसाठी तासाचा अंदाज म्हणजे सोनं आहे, पहाटे चार ते सकाळी आठ वारा किती हे कळलं तर ब्लोअर (फवारणीचं यंत्र) कधी लावायचा ते ठरतं. पण एक नीट समजून घ्या, गावाचं नाव दिसलं म्हणजे गावात बसून कोणी मोजलंय असं नाही. हा मॉडेलमधून, म्हणजे संगणकावरच्या हवामानाच्या गणितातून, निघालेला आकडा असतो. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतं, आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते, २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या आयआयटीएमनं केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम आली, ती ६ किलोमीटरची. सुधारणा मोठी आहे आणि ती आपल्या पुण्यात झाली याचा मला मनापासून आनंद आहे, पण सहा किलोमीटरच्या चौकोनात आमच्याकडं तीन गावं येतात आणि ऑक्टोबरचा गडगडाटी पाऊस एका गावाच्या शिवारावर पडून शेजारचं कोरडं ठेवतो. त्यामुळं पहिले दोन दिवस तासावर विश्वास, पाचव्या दिवसापर्यंत कल, आणि सातव्या-दहाव्या दिवसाच्या मिलिमीटरवर काहीही ठरवायचं नाही. चार स्टार.

'विंडी' सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, चेक कंपनीचं आहे, आणि ते रंगीत वारे फिरताना बघायला सगळ्यांना आवडतं. मी त्याचं खरं मोल वेगळ्या गोष्टीत मानतो, एकाच जागेसाठी वेगवेगळी मॉडेलं शेजारी ठेवून बघता येतात, युरोपियन, अमेरिकन, जर्मन. वादळ निघून गेल्यावर तिन्ही मॉडेलं पुढचे पाच दिवस कोरडे दाखवत असतील तर निवांत कामाला लागा. एक कोरडं, एक भिजवतंय आणि तिसरं अध्येमध्ये असेल तर त्यातलं आपल्या आवडीचं उचलायचं नाही, अजून चित्र ठरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा आणि संरक्षक फवारणी मारून ठेवायची. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे दवबिंदूचा लेअर, दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते. रात्रीचं किमान तापमान आणि दवबिंदू यांच्यात एखाद-दोन अंशाचाच फरक राहतोय, वारा ताशी पाच किलोमीटरच्या आत आणि आभाळ मोकळं, तर पहाटे धुई नाहीतर जबर दव धरून चाला. मेघदूतमध्ये जो रकाना नाही म्हणून वर अर्धा स्टार कापला तो असा हातानं भरून काढता येतो. विंडीला इशारा द्यायचा अधिकार नाही, इशारा आयएमडीचाच मानायचा, आणि वादळ तयार व्हायच्या आधी दहा दिवसांपुढचं एक मॉडेल बघून कोणी 'मुंबईवर महावादळ' असा स्क्रीनशॉट टाकला तर तो पुढं पाठवू नका, त्या एका फॉरवर्डवर लोकं अर्धवट छाटण्या उरकून टाकतात. चार स्टार.

एक खासगी ॲप पण मी पैसे भरून घेतलं होतं, नाव लिहीत नाही. त्यात रोज टक्के यायचे, आज ७० टक्के, उद्या ४० टक्के, आणि कशाचे टक्के हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पावसाची शक्यता ७० टक्के म्हणजे तुमच्या ठिकाणी त्या वेळात पाऊस होण्याची शक्यता, पाऊस जास्त पडणार असा त्याचा अर्थ होत नाही, दोन मिलिमीटरचा पण ७० टक्के असू शकतो. वादळ सरकल्यावर त्या ॲपनं सरळ सूर्याचं चित्र लावलं आणि पुढच्या तीन पहाटे बाग ठिबकत होती. नोटिफिकेशन मात्र रोज, प्रीमियम घ्या म्हणून. पैसे द्यायचे तर मळ्यात स्वतःचं छोटं हवामान केंद्र बसवायला द्या, पान ओलं राहिल्याचे तास मोजणारा सेन्सर असलेलं, आता दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून घेतलं तर परवडतं.

ते नाही जमलं तर महावेध आहेच. राज्य सरकार आणि स्कायमेट या खासगी हवामान कंपनीचा प्रकल्प, २०१७ पासून, महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं, राज्यात दोन हजारांच्या वर, पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात. हा अंदाज नाही, झालेल्याची नोंद आहे, पण वादळानंतर नोंदीला पण तेवढीच किंमत असते, कारण हवामान आधारित फळपीक विम्याचा हिशोब मंडळाच्या नोंदीवर होतो. तुमच्या मंडळाचं केंद्र कुठं आहे ते एकदा जाऊन बघा, झाडाखाली, भिंतीला लागून असेल तर तलाठ्याकडं, कृषी सहायकाकडं लेखी सांगा, सीझन सुरू व्हायच्या आधी. आणि रडारबद्दल एक, आपल्याकडं लोकं मुंबईच्या कुलाबा आणि वेरावलीच्या रडारची चित्रं बघून नाशिकचा पाऊस ठरवतात. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळं दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर येईपर्यंत झोत जमिनीपासून तीनेक किलोमीटर वर गेलेला असतो, मध्ये सह्याद्री आहेच. त्याखालचे बारीक ढग त्यात सापडत नाहीत. मोठा गडगडाटी ढग दिसतो, भुरभुर दिसत नाही, आणि आमची अडचण भुरभुरीची असते.

दामिनीबद्दल दोनच ओळी, वीज पडण्याचा इशारा देणारं आयआयटीएमचं ॲप, तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते दाखवतं. परतीच्या पावसात दुपारनंतर बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पाहिजे, मजुरांच्या मुकादमाच्या फोनमध्ये तर मी स्वतः टाकून देतो. तारेच्या मांडवाखाली माणसं उभी असतात हो आपली. याला स्टार वगैरे देत बसत नाही, टाकाच.

एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं ते लिहितोच. कृषी विज्ञान केंद्रात जिल्हा कृषी हवामान युनिट होती, देशभरात १९९, ती २०२४ च्या मार्चमध्ये बंद केली. मॉडेल सहा किलोमीटरचं झालं, ॲप गावापर्यंत आलं, ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज द्यायची योजना पण २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, हे सगळं चांगलंच आहे. पण वादळ गेल्यावर 'वारा ईशान्येला फिरलाय, आता दोन दिवस थांबा आणि मग डिपिंग करा' हे आपल्या पिकाच्या भाषेत सांगायला जिल्ह्यात एक शिकलेला माणूस लागतो. १९३२ पासून पुण्यात कृषी हवामानाचा विभाग आहे, शिवाजीनगरच्या ज्या सिमला ऑफिसला सगळं पुणं ओळखतं तिथं, म्हणजे हे ज्ञान आपल्याच राज्यात नव्वद वर्षं मुरलंय. ती युनिट परत सुरू करा ही मागणी द्राक्ष बागायतदार संघानं, कांदावाल्यांनी, सगळ्यांनी मिळून लावून धरायला पाहिजे.

आता कोणी काय वापरावं. द्राक्षवाल्यांनी बुलेटिन, मेघदूत आणि विंडीचा दवबिंदू, हे तीन, रोज संध्याकाळी, वादळ गेल्यावर निदान दहा दिवस. डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीचं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र) असेल तर बुलेटिन दिवसातून ५ वेळा निघतं, चक्रीवादळ झालं की दर ३ तासांनी, त्या दिवसात सारखं बघत बसायची गरज नाही, सकाळचं आणि संध्याकाळचं वाचलं तरी भागतं. लेट खरीप कांदा आणि उन्हाळची रोपं टाकणाऱ्यांनी मौसमग्रामचा तासाचा अंदाज बघावा, रोप टाकल्यावर दोन दिवसात झोडपणारा पाऊस नको एवढंच त्यांना हवं असतं. टोमॅटोवाल्यांना द्राक्षासारखंच, करपा पण ओल्या पानावरच येतो. सोयाबीन, मका काढून खळ्यावर पडला असेल तर मौसमचा तीन तासांचा अंदाज आणि ताडपत्री. कोकणातल्या मच्छीमारांसाठी विभागाचं वेगळं बुलेटिन असतं, समुद्र कुठंपर्यंत खवळलेला राहणार आणि कुठल्या तारखेपर्यंत जायचं नाही ते त्यात तारखेसकट असतं, वर लिहिलेल्या एकाही ॲपवरून त्यांनी बोट सोडायची नाही. कोणाकडं दिंडोरी, चांदवड किंवा सांगलीच्या तासगाव भागात पान ओलं राहिल्याचे तास मोजणारा सेन्सर बसवलेला असेल तर कुठल्या पद्धतीचा आहे, दर किती पडला आणि सर्व्हिस कशी आहे ते खाली लिहा, आमच्या गटाला छाटणीच्या आधी घ्यायचाय.